अडीच एकर मागितले, पंचेचाळीस आर मिळाले

ग्रामपंचायतीच्या ठरावात जमिनीचं प्रयोजन असं लिहिलं होतं: ‘स्मशानभूमी व इतर सार्वजनिक कामे’. ग्रामसेवकाचं अक्षर मोत्यासारखं. सूचक होते, अनुमोदक होते, ‘सर्वानुमते मंजूर’ होतं, खाली सरपंचताईंची सही आणि गोल शिक्का. मागणी गट नंबर ११२ या गायरानातल्या (गुरचरणाच्या जमिनीतल्या) १ हेक्टरची, म्हणजे १०० आरची, गावच्या भाषेत अडीच एकराची. या एका ओळीतल्या ‘व इतर’ या दोन शब्दांपायी फाइल सात महिने अडकली. पुढे जे बाहेर आलं त्याची सुरुवातही तिथूनच झाली, म्हणून प्रकरण पहिल्यापासून सांगतो.

मी तेव्हा तहसीलला जमीन संकलनाचा अव्वल कारकून होतो. सरकारी जमीन ग्रामपंचायतीला देण्याचे प्रस्ताव माझ्याच टेबलावरून वर जायचे आणि बहुतेक वेळा माझ्याच टेबलावर परत यायचे. गावाचं नाव देत नाही. बालाघाटाच्या पठारावरचं, साडेतीनशे उंबऱ्यांचं गाव आहे एवढं पुरे. गट नंबरही बदलले आहेत.

गरज खरी होती, त्याबद्दल कधीच वाद नव्हता. प्रस्तावाला एक रंगीत फोटो जोडला होता. श्रावणातला पाऊस, ओढ्याच्या काठावर सरण रचलेलं, आणि चार माणसांनी चार कोपरे धरून वर ताणलेली निळी ताडपत्री. ताडपत्रीच्या मधोमध पाण्याचं पोट सुटलेलं. एकजण खालून काठीने ते पाणी ढकलतोय आणि बाजूला डिझेलचा कॅन. ओली लाकडं पेटत नाहीत म्हणून ट्रॅक्टरमधलं डिझेल काढावं लागायचं. ओढ्याला पूर आला की तेवढीही जागा उरत नसे. मग मयत घरात ठेवून पाणी ओसरायची वाट बघायची. बौद्ध आणि मातंग समाजाची जागा निराळी, पाझर तलावाच्या बुडिताला लागून. हा तलाव ७२ च्या दुष्काळातल्या कामाचा. चांगला पाऊसकाळ झाला की ती जागा पाण्याखाली जायची. म्हणजे एकाच गावातली दोन्ही ठिकाणं पावसाळ्यात निकामी.

जनसुविधेच्या निधीतून दहनशेड मिळू शकली असती. पण त्याला ग्रामपंचायतीच्या नावची जागा लागते, आणि ती नव्हती. दहन-दफनभूमीची सोय करणं हे १९५९ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसूचीतलं काम, पण काम दिलं म्हणून जागाही दिली असं होत नाही.

गायरान कोणाचं

सरपंचताईंच्या वतीने त्यांचे पती, दादा, यायचे. (ताई स्वतः पहिल्यांदा तहसीलला आल्या त्या दीड वर्षाने, आणि त्यानंतर फाइल जास्त वेगाने हलली, हेही नोंदवून ठेवतो.) दादांचा पहिला प्रश्न असा: “साहेब, गायरान गावचं. गावची जागा गावाला घ्यायला परवानगी कशापायी?”

हा गैरसमज फार जुना आहे आणि फार महाग पडतो. गायरान गावाच्या उपयोगासाठी राखून ठेवलेलं असतं, मालकी सरकारची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे जी जमीन दुसऱ्या कोणाची नाही ती राज्य शासनाची. कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी तिच्यातला भाग गुरचरणासाठी, स्मशानासाठी, गावठाणासाठी असा नेमून देऊ शकतात. एकदा नेमून दिल्यावर तो दुसऱ्या कामाला वापरायचा तर त्यांची मंजुरी लागते. ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५१ शासनाला पडीक, मोकळ्या, चराईच्या जमिनी पंचायतीकडे सोपवायचा अधिकार देतं, पण तोही शासनाचाच अधिकार. गावाने ठराव केला म्हणून जमीन गावाची होत नाही. ठराव म्हणजे अर्ज.

जुन्या काळी हे जरा सैल चालायचं. शाळेला दोन एकर, दवाखान्याला एक एकर, कधी नुसत्या तोंडी ताब्यावर इमारती उभ्या राहिल्या. मराठवाड्यात आजही अशा कितीतरी शाळा आहेत, ज्यांच्या इमारतीचं वय पन्नास आणि सातबाऱ्यावर नाव ‘महाराष्ट्र शासन, गायरान’. ते दिवस २०११ ला संपले. पंजाबात पटियाला जिल्ह्यातल्या एका गावच्या तळ्याच्या जागेवर घरं उठली होती. त्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला सगळ्याच राज्यांना सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. आपल्याकडे त्यावरून १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आला आणि गायरानाच्या वाटपाला लगाम बसला. पुढे संहितेत कलम २२-अ आलं. गायरान सार्वजनिक प्रयोजनासाठी देता येतं, पण दुसरी सोयीची सरकारी जमीन उपलब्ध नसेल तरच. पटियालाच्या तळ्याचा निकाल आमच्या ओढ्याकाठच्या सरणापर्यंत पोचला तो असा.

त्रुटी पूर्ततेसाठी परत

प्रस्ताव पहिल्यांदा परत आला तेव्हा दोन मुद्दे होते. एक, ‘व इतर सार्वजनिक कामे’ म्हणजे नेमकी कोणती? दुसरा, त्याच गावात गट नंबर ८७ मध्ये ३८ आर सरकारी पड जमीन दिसते, ती का नको?

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर सोपं निघालं. गाव नमुना १-ब म्हणजे बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंदवही. त्यात गट ८७ होता खरा, पण जागेवर दगडाची जुनी खदान होती. वीस-पंचवीस फूट खोल आणि बारा महिने पाणी. वरच्या कार्यालयात बसून वही वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. वहीत ३८ आर म्हणजे ३८ आर. तलाठ्याने फोटोसह पंचनामा केला, पंचांच्या सह्या घेतल्या, ‘सदर जमीन प्रयोजनास अयोग्य, अन्य शासकीय जमीन उपलब्ध नाही’ असा दाखला दिला आणि तो मुद्दा मिटला. हा दाखला पहिल्याच दिवशी जोडला असता तर तीन महिने वाचले असते. २२-अ वाचलं असेल तर हा प्रश्न येणारच हे दिसतं, पण आम्ही तो जोडला नव्हता. चूक तहसीलची, म्हणजे माझीही.

पहिला मुद्दा मात्र सुटता सुटेना. ग्रामसेवकाला खासगीत विचारलं, ‘व इतर’मध्ये काय काय आहे? तो हसला. पाण्याची टाकी, व्यायामशाळा, आठवडी बाजाराचे ओटे आणि डांबरी रस्त्याच्या बाजूला ‘जमल्यास’ सहा गाळे. एकदा जमीन नावावर आली की बघू, असा हिशोब. वाईट हेतू नव्हता. पंचायतीला उत्पन्न नसतं, गाळ्यांचं भाडं हा एकच आधार दिसतो. पण सरकारी जमीन देताना प्रयोजन हीच सगळ्यात मोठी अट असते. ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापर, नाहीतर शर्तभंग आणि जमीन सरकारजमा. ‘व इतर’ लिहून दिलं तर अट कशाला घालायची? म्हणून कोणताही शहाणा अधिकारी त्या शब्दांवर सही करत नाही, आणि करायलाही नको. मला त्या वेळी हा चिकटपणा वाटला होता. आता वाटत नाही.

तुरीचं रान

तोपर्यंत कोणीही जागेवर नीट गेलेलं नव्हतं. ठरावासोबतच्या कच्च्या नकाशात गट ११२ चा दक्षिणेचा, रस्त्याकडेचा तुकडा रंगवलेला होता. गट एकूण साडेचौदा हेक्टरचा. एवढ्या मोठ्या गटातून नेमका हाच तुकडा का, हे मी विचारलं नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी विचारलं, तेही जागेवर उभं राहून. कारण त्या तुकड्यात कमरेएवढी तूर उभी होती.

तीन कुटुंबं ते रान कसत होती. दोन मातंग समाजाची, एक पारधी. गाव नमुना १-इ मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, तिघांचीही नावं होती. ठरावात त्यांचा उल्लेख नव्हता. पंचायतीच्या अर्जात तर ‘सदर जमीन मोकळी व निर्वेध आहे’ असं छापील वाक्य होतं.

इथे थोडं थांबायला हवं. गायरानावर भूमिहीन माणूस का गेला, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यातली एक मागणीच पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा ही होती. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणं नियमानुकूल करायचं ठरलं. पण त्यासाठी तारखेचा पुरावा हवा. आणि तो पुरावा कुठे? त्या काळी तलाठी अतिक्रमण करणाऱ्याला दंड लावायचा आणि पावती द्यायचा. ती दंडाची पावती हीच या लोकांची सनद. गुन्ह्याची शिक्षा म्हणून दिलेला कागद हक्काचा पुरावा म्हणून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

इथल्या एका मावशींनी तशी पावती आणली. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पुन्हा फडक्यात. घडीवर कागद फाटलेला, शाई उडालेली. सासऱ्यांचं नाव वाचता येत होतं, गट नंबरच्या जागी जुना सर्व्हे नंबर होता. साल वाचता येत नव्हतं. शेवटचा आकडा ८ असेल किंवा ३. भिंगाखाली धरलं, उन्हात धरलं. मी म्हणालो, मावशी, साल लागत नाही. त्या म्हणाल्या, “मोठा पोरगा रांगत व्हता तवाची हाय.”

तहसीलच्या अभिलेख कक्षात पोटप्रत शोधायचा प्रयत्न केला. तिथे १९५४-५५ चं खासरा पत्रक सापडलं, निजामाच्या काळचे उर्दूतले कागद सापडले, पण हव्या त्या वर्षांचं दंडाचं पुस्तक नाही. आमचे अभिलेख असेच आहेत. सत्तर वर्षांपूर्वीचं मिळतं, चाळीस वर्षांपूर्वीचं मिळत नाही.

मंडळ अधिकाऱ्यांनी अहवालात तीन कुटुंबांची वहिवाट स्पष्ट लिहिली आणि जागा बदलण्याची शिफारस केली. कार्यालयात त्यांना काहींनी वेड्यात काढलं. अतिक्रमणच आहे, काढून टाका, २०११ चा निर्णय आहे, कोर्टाचा आदेश आहे, असं म्हणणारे बरेच होते. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरच्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतल्यावर तर गावोगाव नोटिसा गेल्या आणि सगळीकडे घबराट झाली होती. त्या वातावरणात ‘जागा बदला’ म्हणणं सोपं नव्हतं. पण त्यांचा मुद्दा साधा होता: स्मशानाला साडेचौदा हेक्टरातलं नेमकं कसलेलं रानच कशाला? मुरमाड रान का नको?

बांध सरकला होता

मोजणीची फी भरली, भूमि अभिलेखचे भूकरमापक आले. आता रोव्हरवर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा दाखवणाऱ्या यंत्रावर, मोजणी होते, पूर्वीसारखी साखळी ओढत दिवसभर फिरावं लागत नाही. तरी हद्दीच्या खुणा जुन्याच शोधाव्या लागतात. गटाच्या उत्तर बाजूला एक दगड सापडायला हवा होता, सापडेना. भूकरमापकाने यंत्रावर बिंदू काढला तर तो पडला शेजारच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये, बांधापासून चांगला पंधरा पावलं आत.

सगळे गप्प. मग पुढचा बिंदू. तोही आत.

शेजारी म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ. ठरावाला अनुमोदन त्यांचंच होतं. दर पेरणीला नांगराचं एक-एक तास बांध कोरत त्यांनी (की त्यांच्या वडिलांनी, ते कोण सांगणार) गायरानाचे १९ आर आपल्या शेतात घेतले होते. जवळजवळ अर्धा एकर. तिथे ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या होत्या. आणि गाव नमुना १-इ मध्ये या अतिक्रमणाचा एका अक्षराने उल्लेख नव्हता. तीन भूमिहीन कुटुंबांची नावं मात्र दर साली न चुकता लिहिली जात होती.

पंचनाम्यावर सही करताना ते म्हणाले, “मोजणीत चूक आहे.” त्यांना सांगितलं, निमताना मोजणीचा अर्ज करा, वरचा अधिकारी येऊन फेरतपासणी करेल. तो अर्ज त्यांनी कधी केला नाही. संहितेच्या कलम ५० खाली अतिक्रमण काढण्याची नोटीस काढायची तयारी केली होती, पण काढावी लागली नाही. सोयाबीन निघाल्यावर नळ्या गुंडाळल्या गेल्या आणि नवे दगड रोवले गेले. गावात याची चर्चा झाली ती दबक्या आवाजात. तुरीच्या अतिक्रमणाची मात्र चावडीवर झाली होती.

आता नवी जागा आपोआप समोर आली. उत्तरेचा पट्टा: हे सुटलेले १९ आर आणि त्याला लागून मुरमाड, चराईलाही फारसा उपयोगाचा नसलेला तुकडा. शेजाऱ्याचा बांध आता पुन्हा सरकणार नाही, कारण बांधापलीकडे स्मशान आलं की कोणी नांगर आत घालत नाही. हे मंडळ अधिकाऱ्यांनी मला चहा पिताना सांगितलं. अहवालात अर्थातच लिहिलं नाही.

नवी जागा बरी, याचं आणखी एक कारण होतं, आणि ते कागदावर सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. जुन्या प्रस्तावातला तुकडा गावच्या पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला होता. पावसाचं पाणी तिथून उतरून विहिरीकडे येतं. हे ध्यानात आणून दिलं महिलांच्या ग्रामसभेने. पाणी भरणाऱ्या बायकांना उतार कुठून कुठे आहे हे नकाशा न बघता माहीत असतं. आरोग्य विभागाने त्या जागेला ना-हरकत दिली नसतीच.

ठराव दुसऱ्यांदा

नवी जागा, नवा ठराव. या वेळी ग्रामसभा खरी भरली. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जे कमी असेल तेवढी हजेरी लागते. पहिल्या वेळी सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरलं होतं, असं मला नंतर कळलं. या वेळी माणसं मारुतीच्या पारावर बसली होती आणि सरपंचताई स्वतः अध्यक्ष होत्या.

‘व इतर’ काढायचं ठरलं. त्याजागी काय लिहायचं यावर दोन तास गेले. एका लिंगायत आजोबांनी विचारलं, “नुसतं ‘स्मशानभूमी’ लिहिलं तर शेड बांधून मोकळे व्हाल. आमचं दफन असतं, आम्ही कुठं जायचं?” मुद्दा बिनतोड. लातूर-धाराशिवकडच्या कितीतरी गावांत हीच अडचण आहे. निधी दहनशेडला येतो आणि दफन करणारे समाज बांधावर राहतात. मग शब्द ठरला ‘सर्व समाजांसाठी दहन व दफनभूमी’. ‘सर्व समाजांसाठी’ हे शब्द घालायला दोघा-तिघांनी कुरकुर केली. ‘ते तर आलंच की त्यात, वेगळं कशाला लिहायचं?’ असं म्हणणं. ताईंनी ग्रामसेवकाकडे न बघता सांगितलं, “आलंच आहे तर लिहायला काय जातंय? लिहा.” मी त्या सभेला नव्हतो, पण कार्यवृत्तात हे जवळपास असंच उतरलं आहे. ग्रामसेवक बदलून नवा आला होता आणि त्याला गाळून लिहायची सवय लागायची होती.

पाण्याच्या टाकीचं वेगळं लिहिलं: जलजीवनच्या योजनेतल्या उंच टाकीसाठी ५ आर, दहनभूमीपासून दूर, गटाच्या चढाच्या टोकाला. व्यायामशाळा, बाजार, गाळे यांतलं काहीही लिहिलं नाही. एकूण मागणी ४५ आर: ४० अधिक ५. एक एकर साडेचार गुंठे.

रस्त्याचा प्रश्न मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर सुटला. उत्तरेच्या पट्ट्याला डांबरी रस्ता लागत नाही. पण गाव नकाशा काढला तर गटाच्या कडेने दुहेरी तुटक रेष होती. नकाशावर एकेरी तुटक रेष म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक म्हणजे गाडीवाट. म्हणजे बैलगाडी जाण्याजोगा सार्वजनिक मार्ग जुना आहेच, फक्त बाभळींनी बुजला होता. रोजगार हमीतून बाभळी काढल्या, मुरूम टाकला. जागा ठरवण्याआधी गाव नकाशा बघायचा, ही सवय मला त्या दिवसापासून लागली. तोवर मीही सातबाऱ्यापासूनच सुरुवात करायचो.

आदेश, ताबा, फेरफार

दुसरा प्रस्ताव गेला तो पातळ फाइलीत. ठराव, १-ब चा उतारा, गट ८७ चा पंचनामा, मोजणी नकाशा, आरोग्य विभागाचं ना-हरकत, पंचायत समितीची शिफारस, रेडीरेकनरप्रमाणे मूल्यांकन. जाहीर प्रगटन चावडीवर लावलं, हरकत एकही आली नाही. वरून एकच विचारणा झाली, चराईला किती क्षेत्र उरतं? साडेचौदातून ४५ आर वजा जाता किती ते लिहून दिलं.

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला: भोगवटामूल्य (जमिनीची किंमत) न घेता, महसूलमुक्त, भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन). अटी नेहमीच्या. मंजूर प्रयोजनासाठीच वापर, हस्तांतरण नाही, ठरल्या मुदतीत काम सुरू करायचं, शर्तभंग झाला तर विनामोबदला सरकारजमा. गावात पेढे वाटले. मी सांगितलं, पेढे जरा लवकर वाटलेत.

कारण आदेश आल्यावर प्रत्यक्ष ताबा द्यायला पाच महिने लागले. दगड पुन्हा तपासायचे, तलाठी आणि ग्रामसेवक एकाच दिवशी मोकळे हवेत, मध्ये निवडणुकीची आचारसंहिता आली. त्याच काळात दोघांची पदनामंही बदलली, तलाठी झाले ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक झाले ग्रामपंचायत अधिकारी. ताबा पावतीचा मसुदा त्यापायी पुन्हा टाइप करावा लागला. ताबा झाल्यावर फेरफार तीन महिने राहिला. ही शेवटची पायरी गावं हमखास विसरतात. आदेश कपाटात, ताबा पावती कपाटात, आणि सातबारा तसाच. दहा वर्षांनी निधी येतो तेव्हा अभियंता सातबारा मागतो आणि पुन्हा सगळी धावपळ. इथे ताई दर सोमवारी यायच्या आणि माझ्या टेबलासमोर बसून राहायच्या. बोलायच्या नाहीत. तिसऱ्या सोमवारी मी स्वतः उठून फेरफार मंजूर झाला का ते बघून आलो.

पहिल्या ठरावापासून सातबाऱ्यावरच्या नोंदीपर्यंत दोन वर्षं आठ महिने.

नंतर

टाकी झाली. दहनशेड झाली, दोन ओटे. दफनाच्या बाजूला अजून कुंपण नाही, गुरं शिरतात. पहिल्या पावसाळ्यात शेडखाली दोन्ही बाजूंच्या, म्हणजे पूर्वी निरनिराळ्या जागी जाणाऱ्या, समाजांची मयतं झाली. पहिल्या वेळी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वेळी लाकडं रचायला कोणी हात लावायचा यावर थोडी कुरबूर झाली असं ऐकलं. गाव एका आदेशाने बदलत नाही.

दादा एकदा परत आले होते. डांबरी रस्त्याकडेच्या गायरानात सहा गाळ्यांसाठी नवा प्रस्ताव करता येईल का, हे विचारायला. मी कलम २२-अ पुढे केलं. शिवाय पंचायतीला आपली स्थावर मालमत्ता तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते, तेही सांगितलं. चहा पिऊन गेले. प्रस्ताव अजून आलेला नाही, पण येईल.

तूर उभी राहिली. तिन्ही कुटुंबांना कोणी हलवलं नाही, मात्र त्यांचं काही नावावरही झालं नाही. मावशींची पावती जुन्या कागदपत्रांच्या जाणकाराला दाखवायला जिल्ह्याला नेली होती. तिथेही साल लागलं नाही.

मी निवृत्त व्हायच्या आठवड्यात त्या तहसीलला आल्या होत्या. जिन्यात भेटल्या. मी विचारलं, मावशी, काय काम काढलं? हातात तीच प्लास्टिकची पिशवी. म्हणाल्या, “साहेब, औंदा दंड घेणार हायती का न्हाई? दोन सालं झाली, तलाठी पावतीच फाडंना.”